किल्लारीचा भूकंप: निम्मं उत्तर अरबी समुद्राच्या तळाशी

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती बोळवून गावं उशिरा आडवी झाली होती आणि झोप ऐन भरात होती. लातूर जिल्ह्यातला औसा तालुका आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला उमरगा तालुका, या तेरणा नदीकाठच्या पट्ट्यात जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव, तळणी, पेठसांगवी अशी एकामागून एक गावं बसली. सरकारी हिशेबात मृतांचा आकडा आठ हजारांच्या आसपास आहे, इतर नोंदी तो दहा हजारांकडे नेतात. 52 गावं जुनी जागा सोडून नव्याने वसवावी लागली.

भूकंपाची ताकद होती 6.2. जगाच्या हिशेबात हा आकडा मोठा नाही. सहा ते सातच्या दरम्यानचे धक्के पृथ्वीवर दर वर्षी शंभराहून जास्त बसतात आणि त्यातले बहुतेक समुद्राखाली, कुणाच्या खिजगणतीतही नसताना होऊन जातात. किल्लारीने शास्त्रज्ञांना चक्रावलं ते जागेमुळे. पृथ्वीचं कवच ज्या मोठाल्या सरकत्या फळ्यांत विभागलेलं आहे त्या भूपट्टांच्या सीमेवर भूकंप होतात, हे शाळेत शिकवलं जातं आणि ते ढोबळमानाने खरंही आहे. पण किल्लारीपासून हिमालयाची सीमा बारा-तेराशे किलोमीटरवर आणि अरबी समुद्रातली सीमा दोन हजार किलोमीटरहून लांब. दख्खनचं पठार म्हणजे पुराणा, थंड, स्थिर भूभाग. भारतीय मानक संस्थेच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात रंगवलेला होता.

वर्गात हे प्रकरण काढून समुद्राखालच्या पर्वतरांगेचं नाव घेतलं की कुणीतरी विचारतंच, “सर, समुद्र कुठं अन् किल्लारी कुठं? तिथल्या डोंगरांचा आपल्याला काय ताप?” प्रश्न रास्त आहे, आणि या प्रकरणाचा गाभाही तोच आहे. माझं म्हणणं असं, की किल्लारीचा अभ्यास तेरणेच्या काठावरून सुरू केला की गाडी धरण, विहिरी, गूढ आवाज आणि ‘खाली ज्वालामुखी आहे का’ यांतच रुतून बसते. सुरुवात समुद्राच्या तळापासून केली, तर निदान निम्मं कोडं तरी सरळ सुटतं. उरलेलं निम्मं मात्र मराठवाड्याच्या जमिनीतच शोधावं लागतं.

नकाशातला निळा भाग

आपल्या भिंतीवरच्या नकाशात जमिनीला डोंगर-नद्या असतात आणि समुद्राला नुसता निळा रंग. तिथेच घोटाळा होतो. पाणी बाजूला सारून कोकणच्या किनाऱ्यापासून नैर्ऋत्येला चालत गेलं तर काय दिसेल?

सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही. समुद्रबूड जमीन मुंबईसमोर सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. मुंबई हायचे तेलाचे फलाट किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत उभे असूनही त्यांच्याखाली पाणी 75 मीटरच्या आसपासच. भूशास्त्राच्या लेखी हा समुद्र नव्हेच. ते भारताच्या भूखंडाचं बुडालेलं टोक आहे. त्यापुढे खंडान्त उतार लागतो आणि तळ झपाट्याने दोन-तीन किलोमीटर खाली जातो. पायथ्याशी लक्ष्मी खोरं आहे. त्यातल्या सागरी पर्वतांना रामन, वाडिया आणि पणीक्कर अशी आपल्याच शास्त्रज्ञांची नावं आहेत, हे आपल्याकडच्या फार थोड्या पोरांना ठाऊक असतं.

खोरं ओलांडून, लक्ष्मी रांग मागे टाकून पुढे गेलं की चार किलोमीटरहून जास्त खोलीचं सपाट सागरी मैदान पसरलेलं दिसतं. ही सपाटी सिंधू नदीच्या गाळाची आहे. हिमालय झिजतो, सिंधू ती माती समुद्रात ओतते आणि तीच माती तळावर शेकडो किलोमीटर आतपर्यंत पसरत जाते. किल्लारीच्या प्रकरणात हिमालय पुढे पुन्हा येणार आहे, पण त्याची ओळख इथे चार किलोमीटर पाण्याखालीच होते.

मग सपाटी संपते. तळ ओबडधोबड होत वर चढू लागतो आणि समोर एक अख्खी पर्वतरांग उभी राहते. तिचा माथाही समुद्रसपाटीपासून दोन-अडीच किलोमीटर खाली आहे, म्हणून जहाजावरून तिचा पत्ता लागत नाही. डेन्मार्कच्या ‘डाना’ जहाजाने 1928 ते 1930 या काळात केलेल्या सफरीत ती हाती लागली आणि खर्च उचलणाऱ्या प्रतिष्ठानाच्या नावाने ‘कार्ल्सबर्ग’ झाली. होय, तेच बिअरवाले. 1933-34 मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजावरून गेलेल्या जॉन मरे मोहिमेला या रांगेच्या माथ्यावर लांबच लांब खचदरी आढळली. पर्वताच्या माथ्यावरच दरी, ही गोष्ट तेव्हा नीट उलगडली नाही.

आज ती उलगडलेली आहे. ही रांग जगाला वेढणाऱ्या सुमारे 65,000 किलोमीटर लांबीच्या जलमग्न पर्वतरांगेचा एक तुकडा आहे. त्या दरीच्या रेषेवर दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, खालून वितळलेला खडक वर येतो, थिजतो आणि दोन्ही काठांना चिकटतो. कार्ल्सबर्ग रांगेवर ही नवी भर वर्षाला अडीच-तीन सेंटीमीटरच पडते. रांगेच्या पलीकडचा तळ आफ्रिकेकडचा, अलीकडचा आपला. ‘आपला’ म्हणजे ज्या भूपट्टावर औसा, उमरगा, नांदेड आणि नागपूर आहे, त्याचाच. जमीन आणि समुद्रतळ हे एकाच फळीचे दोन भाग आहेत, मध्ये सांधा नाही. किनारा ही पाण्याची रेषा आहे, भूपट्टाची नव्हे. माझ्या मते विद्यार्थ्याच्या डोक्यात आधी हे पक्कं बसायला हवं. हे बसलं नाही तर पुढचं सगळं पाठांतर.

सप्टेंबर 1963

भूपट्टाच्या सिद्धान्ताचा एक मुख्य पुरावा आपल्याच शेजारच्या या रांगेवर मिळाला, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलं जातं. 1962 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या ‘ओवेन’ जहाजाने कार्ल्सबर्ग रांगेवर चुंबकत्वाची मोजणी केली. केंब्रिजचे ड्रमंड मॅथ्यूज ती मोजमापं घेऊन आले आणि फ्रेड व्हाइन या विद्यार्थ्याने त्यांवर डोकं लढवलं. लाव्हा थिजताना त्यातले लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेत कायमचे अडकतात. पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटं होतं, सर्वांत अलीकडचा उलटफेर सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वीचा. मग तळ खरोखरच मधोमध जन्मून दोन्हीकडे सरकत असेल, तर रांगेच्या दोन्ही अंगांना सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे समांतर मिळायला हवेत. तसेच पट्टे मिळत होते. सप्टेंबर 1963 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दोघांचा छोटासा लेख छापून आला. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती, पण त्यांचा लेख छापायला नकार मिळाला. विज्ञानातही नशीब लागतं.

पुढची गोष्ट थेट आपल्या काळ्या पाषाणाची. 1950 च्या दशकातच लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या खडकात अडकलेलं चुंबकत्व मोजलं होतं. त्यावरून हा लाव्हा थिजला तेव्हा दख्खन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होतं, पंचवीस-तीस अंशांवर. आज किल्लारी उत्तरेला 18 अंशांवर आहे. हिशेब सोपा आहे. साधारण पाच हजार किलोमीटरचं अंतर आणि 6 कोटी 60 लाख वर्षं, म्हणजे वर्षाला सरासरी साडेसात सेंटीमीटर. सुरुवातीला वेग याच्या दुपटीच्या घरात होता, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाशी गाठ पडल्यावर तो घटला. आता तो पाच सेंटीमीटरच्या आत-बाहेर आहे.

औसा-निलंग्याकडच्या कुठल्याही जुन्या, न बांधलेल्या विहिरीत उतरताना हा प्रवास कडेच्या भिंतीवर दिसतो. वर हात-दोन हात काळी माती, मग मुरूम, मग घणालाही दाद न देणारा काळा पाषाण. त्याखाली अचानक वीतभर तांबडा, गेरूसारखा, नखाने खरवडता येणारा थर. त्याखाली पुन्हा पाषाण, वरच्या अंगाला बारीक भोकांचा, भोकांत पांढरे स्फटिक. तांबडा थर म्हणजे एक लाव्हा थिजल्यावर आणि दुसरा येईपर्यंत मधल्या काळात झिजलेली जमीन. समुद्राच्या तळाचा खडकही याच जातीचा, बेसॉल्ट. फरक एवढाच, की तिथला पाण्याखाली थिजला आणि आपला उघड्यावर. हा लाव्हा ज्या तप्तस्थळातून, म्हणजे खोलवरून सतत गरम खडक वर येतो अशा जागेतून, आला असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, ते आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून धगधगतो. भूपट्ट त्यावरून उत्तरेला सरकत गेला, त्याची खूण म्हणजे लक्षद्वीप-मालदीव-चागोस ही तळावरची लांबलचक रांग. म्हणून ‘किल्लारीखाली ज्वालामुखी आहे का’ याचं उत्तर ठाम ‘नाही’ असं देता येतं. तो सुमारे पाच हजार किलोमीटर मागे राहिला.

रेटा कसा पोहोचतो

आता मुख्य मुद्दा. कार्ल्सबर्ग आणि तिच्या दक्षिणेची मध्य हिंदी महासागरीय रांग यांवर नव्याने जन्मलेला तळ गरम असतो, म्हणून फुगलेला आणि उंच असतो. तो जसजसा रांगेपासून दूर जातो तसतसा थंड होतो, जड होतो आणि खाली बसतो. माथ्यापाशी अडीच किलोमीटर खोली असते ती जुन्या तळावर पाच किलोमीटरच्या पलीकडे जाते. म्हणजे सगळा भूपट्ट रांगेपासून दूर उतरत्या बाजूला तोलून बसलेला असतो आणि स्वतःच्याच वजनाने पुढे रेटत राहतो. भूभौतिकीत या रेट्याचा अंदाज रांगेच्या दर मीटर लांबीमागे दोन ते तीन लाख कोटी न्यूटन असा दिला जातो. वरचा आकडा घेऊन तो शंभर किलोमीटर जाडीच्या भूपट्टावर वाटला, तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे तीनशे किलोचा दाब पडतो. हिशेब ढोबळ आहे, पण दाब किती मोठा आहे ते त्यावरून कळतं.

नुसत्या रेट्याने काही मोडत नाही, पुढे अडथळाही लागतो. तो उत्तरेला आहे. तिथे भारतीय भूपट्ट हिमालयाखाली घुसतो आहे, पण सुखासुखी नाही. उरलेल्या वेगातले वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर एकटा हिमालय आपल्या अंगावर घेतो. भरलेली बैलगाडी चढावर अडली आणि मागून दहा माणसं रेटत राहिली, तर मोडतं ते मागच्या माणसाच्या हाताजवळ नाही आणि पुढच्या दगडाजवळही नाही. मधलं एखादं जुनं, कीड लागलेलं लाकूड कडकन जातं. किल्लारी ते लाकूड.

हे नुसतं बोलणं नको, पुरावा हवा. तो पुन्हा समुद्रातच आहे, आणि मला तो सगळ्यांत बोलका वाटतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला महासागराचा तळ चक्क सुरकुतलेला आहे. शंभर ते तीनशे किलोमीटर रुंदीच्या घड्या, त्यांवर जागोजागी प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या भेगा. गाळाखाली झाकलेल्या या घड्या ध्वनिलहरींनी तळाची चाचणी घेताना उमटल्या, आणि 1987 मध्ये तिथे तळ खोदून नमुने घेतले तेव्हा त्यांचं वय आणखी स्पष्ट झालं. कोणत्याही सीमेपासून दूर, भूपट्टाच्या पोटात, काही दशलक्ष वर्षांपासून तळ दुमडतो आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया हे एकच भूपट्ट, असं पूर्वी शिकवलं जायचं. आता बहुतेक अभ्यासक त्यांना वेगळे मानतात, त्याचं कारण हाच मधला चुरगळलेला पट्टा. 11 एप्रिल 2012 ला सुमात्राच्या पश्चिमेला, एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो त्या सागरी गर्तेच्या बाहेर, समुद्रतळाच्या आतच 8.6 क्षमतेचा भूकंप झाला. यंत्रांनी नोंदलेल्या आडव्या सरकण्याच्या भूकंपांत तो सर्वांत मोठा. तळ वर-खाली न होता आडवा सरकला म्हणून 2004 सारखी त्सुनामी आली नाही आणि जग तो विसरलं. पण किल्लारी समजून घेणाऱ्याने तो विसरू नये. भूपट्ट आतूनही तुटतो, याचा तो सर्वांत दांडगा दाखला आहे.

पुन्हा तेरणेकाठी

भूकंपानंतर किल्लारीजवळच्या शेतांतून जमिनीवर तुटक तुटक भेग आणि उंचवटा उमटलेला दिसला. लांबी किलोमीटर-दोन किलोमीटर, उंची जास्तीत जास्त पाऊण मीटरच्या आसपास. ज्वारीच्या रानात नवाच बांध घातल्यासारखा. स्थिर मानलेल्या भूखंडाच्या आतल्या भूकंपात जमिनीचा पृष्ठभाग असा फाटणं दुर्मीळच, त्यामुळे जगभरचे भूशास्त्रज्ञ तिथे येऊन चर खणून बसले. भूकंपनाभी, म्हणजे धक्का जिथून सुटला ती जागा, जमिनीपासून दहा किलोमीटरच्याही आत होती. लहरींच्या नोंदीवरून प्रस्तरभंग व्युत्क्रम जातीचा निघाला, म्हणजे दाबाखाली एका बाजूचा खडक दुसऱ्यावर चढला. ताणून फाटण्याची खूण नव्हती, दाबून चढण्याची होती. आणि त्या दाबाची दिशा आली ईशान्य-नैर्ऋत्य.

नकाशावर किल्लारीतून तिरकी पट्टी ठेवून पाहा. ईशान्येला नेपाळचा हिमालय. नैर्ऋत्येला कार्ल्सबर्ग रांग. एकट्या भूकंपावरून असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरलं असतं. पण द्वीपकल्पातल्या इतर भूकंपांवरून आणि खोल विंधनविहिरींच्या भिंतींवरूनही दाबाची दिशा ढोबळमानाने उत्तर ते ईशान्य अशीच येते. रेटा कुठून आला, हा प्रश्न माझ्या लेखी इथे मिटतो.

तुटलं इथंच का, हा मात्र मिटत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत 617 मीटर खोल छिद्र घेतलं. 338 मीटरपर्यंत लाव्हाचे थर, मग आठ मीटरचा जुना गाळ, आणि त्याखाली थेट अतिप्राचीन स्फटिकी खडक. सह्याद्रीत लाव्हाची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, त्या मानाने किल्लारी म्हणजे दख्खनच्या चादरीचा पातळ काठ. चादरीखालचा पाया शेकडो कोटी वर्षांचा, जुन्या भेगांनी भरलेला, आणि वरून काही दिसत नाही. जुनी भेग पुन्हा सरकली की नवी फुटली, यावर दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलं आहे. खोलवरच्या भेगांत शिरलेल्या पाण्याने खडकाची पकड सैल केली असावी, हाही एक विचार. त्यालाच जोडून निम्न तेरणा धरणाचं नाव निघतं. कोयनेला 1967 मध्ये जे झालं ते डोळ्यांसमोर असल्यामुळे ते निघणं स्वाभाविक आहे. पण कोयनेच्या मानाने हा जलाशय अगदीच लहान आहे, आणि पाणी फार तर घोडा दाबू शकतं, बंदूक भरू शकत नाही. बंदूक कुठे भरली जात होती ते वर आलंच.

भूभौतिकशास्त्रज्ञ रॉजर बिलहॅम आणि सहकाऱ्यांनी आणखी एक दुवा जोडला. हिमालयाखाली घुसताना भूपट्ट वाकतो, त्यामुळे मध्य भारतात तो किंचित वर उचलला जातो आणि त्याच्या दक्षिणेला हलकासा खोलगट भाग तयार होतो. खोलगट भागात भूपट्टाची वरची बाजू आवळली जाते. 1993 चा लातूरचा उथळ भूकंप तिथला, आणि उचललेल्या भागाखाली 1997 मध्ये जबलपूरला झालेला भूकंप तीस किलोमीटरहून जास्त खोल. एकाच वाकलेल्या फळीची ही दोन तोंडं, अशी मांडणी. मला ती पटते, कारण ती दोन्ही भूकंपांची खोली एकदम समजावते.

इशारा मिळाला होता का? 1992 च्या ऑगस्टपासून किल्लारीत लहान धक्के जाणवत होते, ऑक्टोबरात त्यांतला एक चारच्या पुढे गेला. लोक बाहेर झोपले, मग थंडी आली, धक्के थांबले, लोक आत गेले. धक्क्यांच्या अशा माळा पुष्कळदा काहीच न होता विरून जातात, त्यामुळे मागे वळून दोष देणं सोपं आहे.

भिंती

माणसं मात्र भूपट्टामुळे मेली नाहीत, भिंतींमुळे मेली. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद. भिंत दोन-तीन फुटांपासून चार फुटांपर्यंत रुंद. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडगोट्यांचा आणि मातीचा भराव, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नाहीच. माळवदाला लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर किलचन, आणि वर फूट-दीड फूट माती. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आणखी चार पाट्या माती चढायची, जुनी कुणी उतरवायचं नाही. पिढ्यानपिढ्या छताचं वजन वाढत गेलं. ऐन मे महिन्यात या घरात पंख्याशिवाय दुपार काढता येते, म्हणून त्याला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तिथे राहून पाहावं. पण आडव्या हिसक्यात त्या भिंतीचे दोन थर सुटे होऊन आत-बाहेर ढासळले. अनेक घरांत खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि माणसं भिंतीच्या दगडांखाली गेली. मोठ्या वाड्यांपेक्षा कुडाच्या झोपडीतली माणसं वाचली, हे त्या गावांत आजही ऐकायला मिळतं.

नकाशा बदलायला नऊ वर्षं लागली. 2002 च्या सुधारणेत पहिला पट्टाच रद्द झाला, लातूरचा परिसर तिसऱ्यात गेला.

तेर आणि हिंगोली

किल्लारीत पुन्हा होईल का, असं विचारणाऱ्याला मी आधी तेरला पाठवतो. पन्नास-साठ किलोमीटर वायव्येला, त्याच तेरणेच्या काठी, प्राचीन तगर. इथला माल भडोचच्या बंदरातून समुद्रापार जायचा, म्हणजे समुद्राशी या गावाचा संबंध जुनाच. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन या भूशास्त्रज्ञांनी तेरच्या जुन्या थरांत आणि विटांच्या अवशेषांत सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा वाचल्या. त्यांचं वाचन बरोबर असेल, तर या पट्ट्यात मोठा धक्का पहिल्यांदा बसला तो 1993 मध्ये नव्हे. भूपट्टाच्या पोटात ताण इतका सावकाश साठतो, की दोन धक्क्यांमध्ये गावाची आठवण पुसली जाते, बोली बदलते, राज्यं बदलतात. दोनशे वर्षांच्या नोंदींवरून ‘इथे कधी झालाच नाही’ म्हणण्यात म्हणूनच फारसा अर्थ नसतो.

हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीखालून आवाज येण्याच्या तक्रारी कित्येक वर्षांच्या आहेत. 21 मार्च 2024 च्या सकाळी त्या भागात 4.5 आणि पाठोपाठ 3.6 चे धक्के बसले, 10 जुलैला पुन्हा 4.5 चा. नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली. हेही सीमेपासून दूर, हेही उथळ, हेही बेसॉल्टच्या चादरीखाली. किल्लारीत 1992 च्या त्या लहान धक्क्यांच्या वेळी गावाजवळ कायमचं भूकंपमापन केंद्र नव्हतं. हिंगोलीच्या धक्क्याची वेळ, क्षमता आणि खोली राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने त्याच सकाळी जाहीर केली, आणि चहाच्या टपरीवर लोक ती मोबाइलवर एकमेकांना वाचून दाखवत होते.